पद्मावतीबाईंचा नेम

पद्मावतीबाईंनी हैदराबादेत सदतीस वर्षं संसार केला आणि त्यातल्या एकाही दिवशी नवऱ्याच्या कुळदेवाला हात जोडले नाहीत. नारायणगुड्याच्या त्यांच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी त्याला माज म्हणायचं, कुणी खूळ. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी तर त्या आतून ख्रिस्ती झाल्या आहेत असं छातीठोकपणे सांगितलं होतं. खरं काय ते विचारायची तसदी मात्र कुणी घेतली नाही. खरं कळलं असतं तर चघळायला काय राहिलं असतं?

खरं एवढंच होतं, की बाई महानुभाव पंथाच्या. माहेर कंधारजवळच्या खेड्यातलं, शेतकऱ्याचं. पंधराव्या वर्षी त्यांनी महंतांकडून रीतसर उपदेश घेतला होता. परमेश्वर एक, त्याचे अवतार पाच, आणि त्याचं नाम घ्यायचं. बाकीच्या देवता आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण त्यांच्यापुढं वाकायचं नाही, त्यांना नवस बोलायचा नाही आणि त्यांच्यापुढं ठेवलेला प्रसाद तोंडात घालायचा नाही. ऐकायला सोपं आहे, आणि माहेरी ते सोपंच होतं, कारण घरात सगळेच पाळत होते.

सासर भालकीकडचं. केशवरावांचे आजोबा निजामाच्या काळात हैदराबादेत आले आणि अफझलगंजात सुतळी-दोरखंडाचं दुकान घालून बसले. कुळदैवत मैलारचा खंडोबा. लग्नाची बोलणी झाली तेव्हा पद्मावतीच्या वडिलांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "मुलीचा उपदेश झालेला आहे. ती दुसऱ्या देवाला जाणार नाही, प्रसाद घेणार नाही. पटत असेल तर पुढचं बोलू." मुलाच्या चुलत्यांनी सुपारी कातरत मान हलवली. "हौ हौ, चालतंय की. आमचं काय म्हननं नाही." आणि उठता उठता शेजारच्या पाहुण्याच्या कानात म्हणाले, "पोरगी घरात आली की होतंय सगळं." वडिलांनी ते ऐकलं होतं. ऐकूनही त्यांनी मुलगी दिली, कारण मुलगा निर्व्यसनी होता आणि पोरीला बाविसावं लागलं होतं. याबद्दल बाईंनी वडिलांना कधी बोल लावला नाही. लावायला हवा होता.

लग्नानंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी जागरण मांडलं. तळी भरली, ताटात खोबरं, पानं आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद. येळकोट झाला, मुठीमुठीनं भंडारा उधळला आणि सासूबाईंनी, सुशीलाबाईंनी, नव्या सुनेला दंडाला धरून पुढं ओढलं.

"पाया पड."

"मी दंडवत एकालाच घालते, आत्याबाई."

घरात पन्नास माणसं होती. सुशीलाबाईंनी सुनेच्या मानेवर पंजा ठेवला आणि खाली दाबला. त्या काही नाजूक बाई नव्हत्या. पद्मावती वाकली नाही. मान तीन दिवस दुखत होती, पण वाकली नाही. तेव्हा सुशीलाबाईंनी हात काढून घेतला आणि पाहुण्यांकडं वळून म्हणाल्या, "लाकूड आणलंय घरात." पाहुणे हसले. ते नाव पुढं कायमचं चिकटलं. लाकडाला विचारा चहा ठेवलाय का. लाकडाला सांगा कपडे वाळलेत. नातेवाइकांची पोरंसुद्धा 'लाकूडमामी' म्हणायला शिकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशवराव दुकानाला निघताना चपला घालत तिला म्हणाले, "पद्मा, तू तुझं कर. मी तुला कधी जबरदस्ती करणार नाही. मायचं जाऊ दे." केशवराव मवाळ माणूस. भांडण झालं की आधी पंखा वाढवायचे, मग पेपर काढायचे. पण एवढं वाक्य ते बोलले, आणि त्या एका वाक्यावर पद्मावतीबाईंनी सगळा संसार उभा केला.

त्यांचा नेम कसा चालायचा तेही सांगायला हवं. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे त्याच करायच्या. स्वयंपाक करायला त्यांची हरकत नव्हती. उलट सासूपेक्षा चांगला करायच्या. फक्त देवापुढं नैवेद्य जायच्या आधी त्या आपल्या पुरता एक रोडगा आणि चमचाभर भरीत वेगळ्या वाटीत काढून फळीवर झाकून ठेवायच्या. नैवेद्य दाखवल्यानंतरचं काही त्यांना चालायचं नाही. झालं, एवढंच. पण या वाटीवरून त्या घरात जेवढं बोललं गेलं तेवढं दुकानाच्या वाटणीवरूनही कधी बोललं गेलं नसेल. "देवाच्या आधी जेवणारी," सुशीलाबाई आल्यागेल्याला सांगायच्या. "कुत्रंसुद्धा थांबतं."

थोडी माणुसकी दाखवली ती शेजारच्या यादम्मानं. बोनालूच्या, म्हणजे तिथल्या देवीच्या सणाच्या दिवसांत ती प्रसाद घेऊन आली, "वदिना, प्रसादम् तीस्कोंडी," म्हणाली. वहिनी, प्रसाद घ्या. पद्मावतीबाईंनी पहिल्या वर्षी उपवास आहे म्हणून खोटंच सांगितलं. मग त्यांनाच लाज वाटली. दुसऱ्या वर्षी मोडक्यातोडक्या तेलुगूत त्यांनी खरं काय ते सांगितलं. यादम्मानं डोळे मोठे करून ऐकलं, घरी गेली, आणि पुढच्या वर्षापासून ती भाताचं भांडं देवीकडं न्यायच्या आधी एक वाटी घेऊन यायला लागली. दारातूनच ओरडायची, "इंका देवुडिकि पेट्टलेदु!" अजून देवाला दाखवला नाही, खा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला जे एका वर्षात कळलं ते सासरच्या शिकलेल्या माणसांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मुलगा रितेश चार वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला. दवाखान्यात सात दिवस ताप हटेना. सुशीलाबाई कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "खंडोबाला बोल. तुझ्या लाकडी मानेपायी पोरगं जाईल." त्या सात दिवसांत बाईंचं मन डळमळलंच नाही, असं कुणी सांगेल तर खोटं. चौथ्या दिवशी दुपारी मुलानं डोळे फिरवले तेव्हा त्यांना वाटलं, दोन हात जोडायला वेळ किती लागतो? कोण बघतंय? हात उचललेसुद्धा. मग त्यांनी त्याच हातांनी पोराचे तळवे चोळले, रडल्या, आणि रडत रडत आपलंच नाम घेत राहिल्या. ताप सातव्या दिवशी उतरला. सुशीलाबाईंनी मैलारला जाऊन नवस फेडला आणि नातू देवानं दिला म्हणून पेढे वाटले. त्या पेढ्यांनाही बाईंनी हात लावला नाही. यावर केशवराव काय म्हणाले? "जाऊ दे ना, पद्मा."

पण हेच केशवराव दर दोन महिन्यांनी त्यांना स्कूटरवरून शहराबाहेरच्या आश्रमात न्यायचे. स्वतः आत यायचे नाहीत, लिंबाखाली पेपर वाचत बसायचे आणि दोन तासांनी परत आणायचे. बाईंना हे फार वाटायचं. आश्रमात कुणी नवऱ्याची चौकशी केली तर त्या म्हणायच्या, "माणूस चांगला आहे. माझ्या वाटेत कधी आला नाही." आणि असं म्हणताना त्यांचा चेहरा खुलायचा.

सुशीलाबाई आठ वर्षांपूर्वी गेल्या. शेवटची काही वर्षं त्या सुनेला फार बोलायच्या नाहीत. बाईंना वाटलं, थकल्या, समजलं असेल. त्यांचं सगळं काढलं ते बाईंनीच.

मग रितेशचं लग्न झालं. सून शिल्पा पुण्याची, दोघं एकाच कंपनीत, कोंडापूरला फ्लॅट. नातू झाला, ओमकार. शिल्पाची रजा संपली तेव्हापासून पद्मावतीबाई रोज सकाळी मेट्रो बदलून कोंडापूरला जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. साठीच्या बाईला हे जड होतं, पण विचाराल तर त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुखाचं वर्ष. ओमकार त्यांच्या मांडीशिवाय झोपायचा नाही. त्यांनी नाम घ्यायला सुरुवात केली की तो त्यांच्या हनुवटीला बोट लावून बघत राहायचा आणि बघता बघता डोळे मिटायचा.

सव्वा वर्षाचा झाला तसं त्याचं जावळ काढायचं ठरलं, मैलारला, खंडोबापुढं. एका रविवारी दुपारी रितेश आणि शिल्पा बाळाला घेऊन नारायणगुड्याला आले. शिल्पानं फोनमध्ये सगळी यादी करून आणली होती. फोटोग्राफर ठरला होता. सगळ्यांनी पिवळे कपडे घालायचे होते. आणि तळी यावेळी आजी-आजोबांनी मिळून उचलायची होती.

"आमच्यात तळी पुरुष उचलतात," केशवराव म्हणाले.

"तेच तर बदलायचंय, बाबा. बायकांनी का नाही उचलायची?" शिल्पा उत्साहानं म्हणाली. "आई मधे, तुम्ही बाजूला, ओमकार पुढं. मग आई त्याच्या कपाळाला भंडारा लावतील. तो फोटो किती सुंदर येईल!"

बायकांना मान द्यायला निघालेल्या या मुलीला समोरच्या बाईला काय हवंय हे विचारायचं सुचलं नव्हतं.

"शिल्पा, मला ते चालत नाही. तुला माहीत आहे," बाई म्हणाल्या. ओमकार त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या बांगड्या फिरवत होता.

"आई, मी तरी कुठं एवढं मानते? ट्रॅडिशन म्हणून करायचं. फोटोपुरतं."

आता बघा. जिला देव मानायचा नाही ती, जिला मानायचा आहे तिला सांगत होती की खोटं खोटं मान. सुशीलाबाईंचा पंजा परवडला. त्यांचा निदान खंडोबावर विश्वास होता.

"फोटोपुरतं वाकायचं तर मी तेव्हाच वाकले असते," बाई म्हणाल्या. "मी मैलारला येते. बाळाला सांभाळते. शंभर माणसांचा स्वयंपाक सांगा, करते. तळी उचलणार नाही, भंडारा लावणार नाही, प्रसाद खाणार नाही."

 रितेशनं हातातला चहाचा कप टेबलावर आपटला. "आई, बस झालं. तुला माहितीय मी लहानपणी काय भोगलं? गणपतीच्या मंडपात सगळ्यांच्या आया प्रसाद घ्यायच्या आणि माझी आई हात मागे बांधून उभी. पोरं विचारायची, तुझी आई मुसलमान आहे का? मी सहा वर्षांचा होतो. तुला तुझा नेम होता, मला काय होतं?"

बाईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी मुलाकडं पाहिलं आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. "तू मला तेव्हा सांगायचंस रे."

"सांगून काय केलं असतंस? प्रसाद खाल्ला असतास?"

 खाल्ला नसता, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

"मग ऐक," रितेश म्हणाला. "माझ्या मुलाला मी यातून जाऊ देणार नाही. तू एवढंसं करणार नसशील तर उद्या त्यालाही हेच शिकवशील. सोमवारपासून आम्ही डेकेअर बघतो."

शिल्पा फोनकडं बघत राहिली.  बाईंचा हात आपोआप बाळाच्या पोटावर घट्ट झाला. ओमकारनं मान वर करून पाहिलं आणि तो हसला. आता एकच गोष्ट करायची होती, एक ताट उचलायचं आणि खाली ठेवायचं, की हे मूल उद्या सकाळी पुन्हा मांडीवर.  पण मुलाच्या तापात झालं तेच आताही झालं. "मला जमणार नाही रे."

आणि इथं केशवराव मध्ये पडले. जन्मात कधी मध्ये न पडलेला माणूस घर तुटताना बघून मध्ये पडला, आणि चांगल्या मनानं पडला. हसतच म्हणाले, "अगं पद्मा, कायको परेशान होतीस? भंडारा काय तुला नवीन आहे का? सदतीस वर्षं खातीयस की. झालं का काही? कायबी झालं नाही!"

"काय खातेय?"

केशवरावांना अजून अंदाज आला नव्हता. आपण गाठ सोडवली असंच त्यांना वाटत होतं. "आपल्या हळदीच्या डब्यात. चंपाषष्ठी झाली की देवाच्या ताटातला भंडारा माय त्या डब्यात ओतायची. पहिल्या वर्षापासून. म्हणली, हिला वाकवायला नक्को, भांडन नक्को, जे खाईल ते देवाचंच खाईल. घरात शांतता ऱ्हाईल. आनि ऱ्हायली की नाही?"

बाईंनी बाळाची बोटं बांगड्यांतून सोडवली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मायनं सांगितलं होतं मला."

"आणि त्या गेल्यावर?"

आता कुठं केशवरावांचं हसू उतरलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तिनं मरताना वचन घेतलं माझ्याकडून. मग मीच."

बाईंना आठवलं. सासूबाई गेल्यानंतरच्या चंपाषष्ठीला हेच म्हणाले होते, हळदीच्या धुळीनं तुला शिंका येतात, डबा मी भरत जाईन. आणि त्यांनी यादम्माला कौतुकानं सांगितलं होतं, आमचे हे बघ, वर्षाची हळद स्वतः भरून देतात. नैवेद्याआधी काढून ठेवलेली प्रत्येक वाटी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. त्या भरितात हळद होती. वरणात होती. तापात पोराला दिलेल्या दुधात होती. बाळंतपणात होती. फळीवर झाकून ठेवलेल्या ज्या वाटीसाठी त्यांनी कुत्र्याहून हलकं म्हणवून घेतलं, त्या वाटीत त्या स्वतःच्या हातानं तो भंडारा घालत आल्या होत्या. आणि सासूची शेवटच्या वर्षांतली शांतता कशाची होती तेही आता कळलं. म्हातारी जिंकून गप्प बसली होती.

रितेश म्हणाला, "मग झालं तर. इतकी वर्षं खाल्लंस, आता एकदा कपाळाला लावायला काय हरकत आहे?" त्याला हा युक्तिवाद बिनतोड वाटला असणार.

बाईंनी ओमकारला उचलून शिल्पाच्या मांडीवर दिलं. स्वयंपाकघरात गेल्या, हळदीचा डबा आणला. त्यांनी तो फेकला नाही, सांडला नाही. केशवरावांपुढं ठेवला. "हे तुमच्या देवाचं आहे. देवघरात ठेवा. पायदळी येऊ देऊ नका." मग मुलाकडं वळून म्हणाल्या, "मी चोरून खाल्लेलं नाही, रितेश. मला चोरून घातलेलं आहे. तुझ्या मुलाला हा फरक समजेल असं वाढव." आणि आतल्या खोलीत गेल्या.

 मग मुलगा आणि सून निघून गेली. बाळ दारात रडलं. बाई बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या बस बदलून एकट्याच आश्रमात गेल्या. तिथल्या वृद्ध तपस्विनी मीनाबाई त्यांना तीस वर्षांपासून ओळखत होत्या. दंडवत प्रणाम झाला आणि बाईंनी सगळं सांगितलं.  इतकी वर्षं नेम मोडत होता तर आपला उपदेश राहिला की गेला, एवढंच त्यांना विचारायचं होतं. नातवाचं दुःख त्यांनी बोलूनसुद्धा दाखवलं नाही.

मीनाबाई शांत होत्या. "अजाणता घडलं त्याचा दोष तुला नाही. तुझा नेम मोडला नाही, ताई. मनाचं समाधान म्हणून एक दिवस उपवास कर, नाम घे. झालं."

"एकच दिवस?"

"दोषच नाही तर जास्त कशाला?"

बाईंना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. त्यांना राग आला. सदतीस वर्षं रोज दोन वेळा फसवलं गेलं आणि त्याची किंमत एक उपवास. कडक प्रायश्चित्त मिळालं असतं तर निदान काहीतरी घडलं होतं असं वाटलं असतं.

"आणि त्यांचं काय?" त्यांनी विचारलं.

"नवऱ्याचं? त्याला क्षमा कर. मनात द्वेष ठेवून नाम घेता येत नाही."

पद्मावतीबाईंनी मान खाली घातली. प्रसाद नाही, नवस नाही, मांस नाही, सगळं त्यांनी पाळलं होतं. हे एक मात्र त्यांना पाळता येईना. सासूला त्यांनी क्षमा करून टाकली, परतीच्या बसमध्येच. ती उघड वैरी होती. तिनं मानेवर हात ठेवला तेव्हा कळत तरी होतं. पण लिंबाखाली पेपर वाचत बसलेल्या माणसाला त्यांना क्षमा करवत नव्हती. मनातून त्याच्याजवळ जावं म्हटलं की तो स्कूटरवरून आश्रमातून घरी आणून मग डबा भरताना दिसायचा.

जावळ झालं. बाई गेल्या नाहीत. त्यांना बोलावलंही नव्हतं. फोटो केशवरावांच्या फोनवर आले; त्यात तळी शिल्पाच्या आईनं उचलली होती, आणि पिवळ्या कपड्यांत, पिवळ्या कपाळाचा ओमकार रडत होता. तो डेकेअरला जायला लागला. महिन्यातून एकदा ते त्याला घेऊन यायचे, तासभर. दुसऱ्या महिन्यात तो आजीकडं यायला लाजला. तिसऱ्या महिन्यात शिल्पाच्या खांद्यात तोंड लपवून बसला. पोराचा काय दोष? त्या वयात चेहरे विसरायला किती दिवस लागतात?

घरात बाई स्वयंपाक करायच्या, वाढायच्या, औषधं द्यायच्या. वागण्यात कुठं खोट काढता येत नव्हती. फक्त आपल्या जेवणात त्यांनी हळद घालणं बंद केलं. आपलं वरण वेगळं, पांढरं. आणि केशवरावांच्या हातचं काही घ्यायचं झालं, साधं बाजारातून आणलेलं केळं का असेना, की विचारायच्या, "कुठलं?" ते सांगायचे. खरंच सांगायचे आता. "नारायणगुड्याच्या चौकातलं, गाडीवरचं." बाई मान हलवायच्या आणि ते केळं तसंच पडून काळं व्हायचं. एकदा ते बेगमबाजारातून हळदीचं सीलबंद पाकीट घेऊन आले, शिक्का दाखवला, पावती दाखवली. त्यांनी ते घेऊन कपाटात ठेवलं आणि कधी फोडलं नाही. केशवराव चार महिन्यांत वाळून निम्मे झाले. दुकानात बसवेना त्यांना. त्या घरात त्यांना फक्त शांतता हवी होती. ती आता भरपूर मिळाली होती.

एका सकाळी बाई पोथी वाचून उठल्या तर केशवराव दारात उभे. आंघोळ केलेली, धुतलेले कपडे. देवघरातला खंडोबाचा टाक त्यांनी धाकट्या भावाकडं पोचवला होता आणि देवघर रिकामं केलं होतं. तीन पिढ्यांचा देव. ते करताना त्यांच्यावर काय गुजरलं असेल हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"पद्मा, मी येतो तुझ्यासंगं आश्रमात. आत येतो. मी उपदेश घेतो."

सदतीस वर्षं हे एक वाक्य ऐकायला बाईंचे कान आसुसले होते. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण दर वेळी आश्रमातून निघताना त्यांनी लिंबाकडं बघत हेच मागितलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर उरलेली वर्षं एका ताटात जेवता आली असती, आणि त्यांनाही ते हवं होतं, फार हवं होतं.

"तुमचा विश्वास आहे का त्यावर?" त्यांनी विचारलं.

केशवराव गोंधळले. "विश्वासाचं काय. तू म्हणशील ते. घरात पहिल्यासारखं व्हावं म्हणून."

"आणि खंडोबा?"

 केशवरावांनी रिकाम्या देवघराकडं पाहिलं. साठेक वर्षं रोज हात जोडलेल्या जागेकडं माणूस जसं पाहील तसं.

पद्मावतीबाईंनी पदरानं डोळे पुसले. "अहो, ज्याला मनातून वाकता त्यालाच वाका. फोटोपुरतं मी वाकले नाही, तुम्हाला कशी वाकू देऊ? भाऊजींकडं जा आणि तुमचा देव परत आणा."

"मग तू पहिल्यासारखी बोलशील माझ्याशी?"

त्यांना खोटं पचत नव्हतं, हीच त्या बाईची सगळ्यात मोठी अडचण होती. "नाही," त्या म्हणाल्या. "ते मला अजून जमत नाही."

केशवरावांनी पिशवी घेतली, चपला घातल्या आणि ते टाक आणायला गेले. बाईंनी त्यांच्यासाठी कुकर लावला.